माळ्याची लाकडं

दिवाळी सरली तसा लालासाहेबांच्या रानातला राखणीचा माळा मोडला. माळा म्हणजे तरी काय, बाभळीच्या चार मेढी, वर काटक्यांची बैठक, आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर कडब्याची सावली. कैक सुग्या त्या बैठकीवर बसून हरिबानं गोफण फिरवली होती, शाळवाच्या कणसांवरची पाखरं उडवली होती. आता हरिबा नव्हता. यंदा लालासाहेबांनी पिकावरून तार ओढून पत्र्याचे डबे टांगले. वारा आला की डबे वाजत, पाखरं उठत. माणसाचं काम वाऱ्याच्या अंगावर पडलं होतं.

मेढी उपटून बांधावर टाकल्यात हे कानावर आलं, तशी हरिबाची बायको चंद्राबाई स्वतः रानात गेली.

"मालक, ती लाकडं मला द्या."

"न्या की. जळणाला लय दिस पुरतील."

"जळणाला न्हवं," ती म्हणाली.

गड्यानं गाडीत घालून मेढी तिच्या परड्यात आणून टाकल्या. परडं म्हणजे घरामागचा चार पावलांचा तुकडा. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, कोपऱ्यात शेवगा, कुंपणाला बोराटीच्या शिऱ्या आणि त्यांच्यावर चढलेला घेवडा. चंद्राबाईनं मधोमध खड्डे घेतले आणि त्या मेढी रानात जशा होत्या तशाच उभ्या केल्या. फक्त कमी उंचीच्या, हात पुरेल एवढ्या. वर त्याच काटक्या आडव्या टाकल्या. शेजारची विजयमाला कुंपणावरून बघत होती.

"आक्का, मांडव कुणाच्या लग्नाचा गं?"

"पाखरांच्या."

"बरं हाय. आमाला अक्षता तरी धाडा."

"अक्षताच टांगणार हाय. बाजरीच्या."

आणि खरंच, कापणीला गेल्यावर मजुरीत मिळालेल्या बाजरीची भरली भरली कणसं निवडून तिनं झुबके बांधले आणि मांडवाला टांगले. खाली मातीच्या परळात पाणी ठेवलं. चिमण्यांना धुळीत अंग घोळायला आवडतं म्हणून थोडी जागा खुरप्यानं भुसभुशीत केली. पहाटे जात्यावर बसली तेव्हा ओठांत आलं ते म्हणून टाकलं:

पाखरांनो बाई, धनी उडवितो रानी
धनी उडवितो रानी, तुमी या गं माझ्या अंगणी

पण हा हौसेचा मांडव नव्हता.

हरिबाची एक रीत होती. आपण पोटासाठी पाखराच्या चोचीतला दाणा काढतो, तर त्याचा वाटा त्याला परत द्यायचा, असं तो मानायचा. सुगी संपली की मालकानं नारळ घेऊन माळ्याखाली यायचं आणि राखणदाराला नावानं हाक मारायची, "हरिबा, राखण उठली! उतर!" ही हाक आल्याशिवाय राखण संपली असं त्यानं कधी धरलं नाही. हाक आली की तो गोफणीची बोटात अडकवायची गाठ सोडायचा, उरलेले खडे खाली ओतायचा आणि उतरायचा. बांधाकडंची एक काकरी न कापता ठेवलेली असायची. ती पाखरांची. भोरड्या, राघू, चिमण्या, होले, सगळे तुटून पडायचे आणि हरिबा बांधावर उकिडवा बसून बघायचा. वर्षातला तो एक दिवस असा की त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे.

गेल्या साली दुष्काळ पडला. शाळू गुडघ्याएवढा होऊन जागीच करपला. विहिरी खरवडून झाल्या, बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. चंद्राबाईही गेली. लालासाहेब जनावरं घेऊन छावणीत जाऊन राहिले. आणि हरिबा रोज सकाळी भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून माळ्यावर चढत राहिला.

"आवं, रानात हाय तरी काय राखायला?"

"राखण उठली न्हाई अजून."

"उठवणार कोण? मालक छावणीत."

"येतील."

"आणि पाखरं तरी कुठं हायत?"

त्यावर तो नुसता खोकायचा. त्याला तो बारीक, कोरडा खोकला कायमचाच होता.

कामाला जाताना वाटेनं माणसांना त्याची हाक ऐकू यायची. करपलेल्या रानावर, मोकळ्या आभाळाकडं तोंड करून तो ओरडत असायचा, "हुर्र हाऽऽ… हाल्या हाऽऽ!" पहिल्यांदा माणसं हसली. नंतर हसायची थांबली. नंतर तर त्या वाटेनं जायचीच सोडून दिली.

पौषात हीव पडलं. एका सकाळी हाक आली नाही म्हणून चंद्राबाई धावत गेली, तर तो वर मुटकुळं होऊन पडलेला, अंगात ताप फणफणलेला. चौघांनी खांद्यावर घेऊन उतरवला. घरी आणल्यावर एकदाच बोलला, "पाखरांचा वाटा ऱ्हायला." मग गेला.

मालक आले नव्हते. हाक कुणी मारली नव्हती. त्याला उतरवलं होतं, तो उतरला नव्हता.

म्हणून वर्षश्राद्धाच्या आत चंद्राबाईला पाखरांचा वाटा द्यायचा होता. पाखरांनी एवढी बाजरी खाल्ली की त्या माणसाच्या जिवाला वाट मोकळी होईल, एवढंच तिच्या मनात होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कणसं टांगली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोराटीवर चिमण्यांची रांग लागली. एक इकडं बघ, एक तिकडं बघ. चंद्राबाई दाराआड हातात तांब्या धरून उभी. एक चिमणी धीर करून मांडवावर उतरली, कणसाला लोंबकळली, चोच मारणार तोच वरून आवाज आला.

"हुर्र हाऽऽ… हाल्या हाऽऽ!"

आणि हाकेमागून एक बारीक, कोरडा खोकला.

भर्र करून सगळी पाखरं उठली. तांब्या चंद्राबाईच्या हातातून निसटला आणि घरंगळत अळवात गेला. समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. मांडवावर तिला कुणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी होल्यांची जोडी आली, मान हलवत पाण्यापर्यंत चालत गेली, आणि तीच हाक, तोच खोकला. विजयमाला पलीकडं भांडी घासत होती. ती उठली, ओल्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

गावात बोलणं उठायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका घागरी तशाच ठेवून बोलू लागल्या.

"माळ्याची लाकडं आणली, तर हरिबा बी संगं आला म्हणं."

"लाकडाला जीव चिकटतो गं. उपटायची न्हाईत असली लाकडं."

"चंद्राबाई, लिंबू उतरून टाका. न्हाईतर त्या मेढी वढ्याला सोडा."

"बघते," चंद्राबाई म्हणायची आणि घागर उचलायची.

तिला भय वाटत नव्हतं, हे ती बायकांना कसं सांगणार? एवढे महिने घरात आवाज नव्हता. भाकरी थापली तर थापण्याचा आवाज तेवढा, आणि तोही भाकरी तव्यावर पडली की बंद. आता सकाळ झाली की हाक यायची. ती चूल पेटवून दाराशी येऊन बसायची आणि वाट बघायची. पाखरं यायच्या आधी तिचे कान मांडवाकडं लागलेले असायचे. पाखरं आली की हाक यायची, पाखरं उडून जायची, आणि तिला वाईट वाटायच्या आधी बरं वाटून जायचं. मग लाज वाटायची. कणसांतला दाणाही कमी झालेला नसायचा. दवानं भिजायची, उन्हानं वाळायची, वाटा तसाच लटकत राहायचा.

"आवं, किती वराडाल?" एकदा ती परड्यात उभी राहून हळूच बोलली. "खाऊ द्या की त्यास्नी. तुमीच म्हणालावता ऱ्हायला म्हणून."

वरून खोकला आला.

ती तशीच खाली बसली.

जात्यावर आता दुसरंच ओठांत यायचं:

किती हाक मारशील, मेढीवरल्या माझ्या राजा
मेढीवरल्या माझ्या राजा, दाणा पाखरांचा ताजा

मार्गशीर्ष लागला. एका दुपारी धुण्याच्या दगडावर चोळी घासताना तिची नजर सहज वर गेली. शेवग्याकडच्या मेढीवर एक साळुंकी बसली होती. पिवळी चोच, डोळ्यामागं पिवळा डाग, आणि उजव्या पायाचं बोट वाकडं. कुंपणावर बुलबुल येऊन टेकला. साळुंकीनं मान ताठ केली, गळा फुगला, आणि त्या एवढ्याशा गळ्यातून हरिबा ओरडला.

"हुर्र हाऽऽ… हाल्या हाऽऽ!" आणि खोकला.

चोळी दगडावर तशीच राहिली. साबणाचं पाणी पायावरून वाहत गेलं.

तिला आठवलं. तीनेक सुग्यांमागं वादळात घरटं पडलं होतं. त्यातलं एक उघडं पिल्लू हरिबानं माळ्यावर वाढवलं. नाकतोडे पकडून चारले, भाकरी भिजवून चारली. बोट वाकडं राहिलेलं. पिंजऱ्यात घातलं नाही, ती आपली मेढीवर बसायची, रानातून फिरून परत मेढीवर. "आगं, साळू बी राखण शिकली," एकदा जेवताना तो हसत म्हणाला होता. "माज्या आधी वराडती." चंद्राबाईनं कालवण वाढता वाढता ऐकलं होतं आणि विसरून गेली होती.

मेढी आल्या, तशी साळू मेढींमागं आली होती. आणि आपण पाखरांचा घास नेमका तिच्या राखणीच्या जागेवर टांगला होता. चंद्राबाई हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबला.

विजयमालाला तिनं साळू दाखवली तेव्हा विजयमाला आधी मोठ्यानं हसली, मग म्हणाली, "तरी बी माझ्या अंगावर काटा येतो गं आक्का. खोकला बी उचललाय मेलीनं."

तिचा नवरा दादासो पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. त्याच्याकडं छऱ्याची बंदूक होती. संध्याकाळी तो ती घेऊन कुंपणाशी आला.

"वैनी, हुकूम द्या. एक छर्रा. आवाज बी जाईल, पाखरं बी येतील. वरीसश्राद्ध तोंडावर आलंय, तुमचं काम अडायला नको."

"पाप लागंल दादासो."

"पाप माज्या नावावर. आदीच लय हायेत, त्यात एक."

चंद्राबाईनं भरल्या कणसांकडं बघितलं. दादासोनं बंदूक खांद्याला लावली, डोळा मिटला. साळू मेढीवर होती. तिनं त्या दोघांकडं बघितलं, मान ताठ केली आणि हाक मारली. खोकली.

"थांबा!" चंद्राबाईनं बंदुकीच्या नळीवरच हात ठेवला. "खोकला आयकलासा न्हवं? त्या खोकल्याला मारणार?"

दादासोनं बंदूक खाली घेतली. विजयमालानं आतून विचारलं, "मारली का वो?" तर त्यानं हातानंच न्हाई म्हणून सांगितलं.

"वैनी, ही संतरी हाय," तो म्हणाला. "आमच्यात डूटीवरचा संतरी असाच असतो. थंडीवारा, बरफ पडू दे, कायबी होऊ दे. रिलीफ आल्याबिगर जागा सोडत न्हाई. दुसरा येऊन उठ म्हणला पायजे. हिला कुणी उठ म्हणलंच न्हाई, तर ही काय करणार?"

त्या रात्री चंद्राबाईनं भाकरी केली नाही. उठ म्हणलंच न्हाई. तेवढं एकच मनात फिरत राहिलं.

सकाळी ती लालासाहेबांच्या दारात गेली. ते नुकतेच सांगलीहून गूळ घालून मोटारीनं आलेले, जोत्यावर पाय धूत होते. ती अंगणातच उभी राहिली.

"मालक, गेल्या साली तुमी राखण उठवली न्हाईसा."

लालासाहेबांच्या हातातला तांब्या थांबला. ते थकलेले दिसत होते. जनावरं छावणीत घेऊन गेले होते तेवढी परत आली नव्हती.

"काय म्हणून उठवणार होतो, चंद्राबाई? शाळवाच्या जागी काड्या हुत्या. नारळ घिऊन कुठल्या तोंडानं यायचं? म्हणलं, समजंल त्याला. माणूस हाय, उतरंल आपला आपण."

"त्यांनी तसं कवा केलंतं का?"

"न्हाई." ते हळूच म्हणाले. "त्यानं तसं कवाच केलं न्हाई."

मग तिनं साळूचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"तुमी येऊन एक हाक मारा, मालक. पायजे तर नारळ मी आणते."

लालासाहेबांनी पंचानं पाय पुसले, एक पाय, मग दुसरा. मग म्हणाले, "मी आलो असतो. पण राखण कुणाची? ज्याचा दाणा त्याची. त्या परड्यात दाणा तुमचा हाय. माझा न्हाई. मालकीण तुमी. हाक तुमी मारली पायजे, नावानं."

"नावानं?"

"नावाबिगर त्यो कवा उतरला हुता?"

चंद्राबाईचा चेहरा उतरला. लालासाहेबांच्याही ते ध्यानात आलं, आणि ते दुसरीकडं बघू लागले.

तिनं नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं होतं. लग्न होऊन दारात आली तेव्हा नणंदांनी अडवलं आणि ती म्हणाली:

गोफण फिरं गरागरा, कणीस हालं रानी
हरिबाचं नाव घेते, वाट सोडा दोघीजणी

मग त्याला घ्यायला लावलं. तो लाजून लाल झाला, आणि पुटपुटला:

शाळवाच्या ताटाला कणीस भरदार
चंद्राचं नाव घेतो, हाय मी राखणदार

"आयकू न्हाई आलं! पुन्यांदा!" पोरी ओरडल्या. तो उठून बाहेरच गेला. तेव्हापासून ती त्याची "आगं" किंवा "आयकलंस का". आणि तो तिचा "आवं". खडीच्या कामावर मुकादमानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिनं विजयमालाला पुढं केलं होतं. विजयमालानं सांगितलं, मुकादमानं लिहून घेतलं. गावाला ती चंद्राबाई, शेजारणीला आक्का, आईला चंदी. "चंद्रा" म्हणून कुणी हाक मारायचं नाही. ते नाव त्या एका उखाण्यात राहून गेलं होतं.

पण तिला एकट्या नावाचं भय नव्हतं. नाव घेऊन हाक मारली आणि तो खरंच उतरला तर? राखण उठली म्हणजे हाक संपली. मग परड्यात पाखरं येतील, कणसं रिकामी होतील, तो सुटेल. आणि सकाळी दाराशी बसून तिनं कशाची वाट बघायची? एवढे दिवस ती पाखरांना बोलावत होती आणि पाखरं आली नाहीत की मनातल्या मनात सुखावत होती. तो वर अडकलेला, आणि ती खाली त्याचा आवाज ऐकत बसलेली. हे तिचं तिलाच दिसलं, आणि मग हाक मारायचं तिनं ठरवून टाकलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी ती न्हाली. खुंटीवरची गोफण काढली. कोपऱ्यातली खड्यांची पिशवी घेतली. वर्षभर ती कुणी हलवली नव्हती. परड्यात आली तेव्हा गवतावर दव होतं. कुंपणापलीकडं विजयमाला आणि दादासो उभे होते. तिनं बघितलं तसे ते दोघे पाठमोरे झाले.

साळू मेढीवर होती. बोराटीवर चिमण्या होत्या, उतरायला धजत नव्हत्या.

चंद्राबाई मांडवाखाली उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली. "राखण उठली."

साळूनं मान ताठ केली. "हुर्र हाऽऽ… हाल्या हाऽऽ!" चिमण्या उठल्या, पुन्हा बसल्या. खोकला आला.

"आवं, राखण उठली म्हणते न्हवं!"

पुन्हा हाक.

चंद्राबाईनं डोळे मिटले. नुसतं नाव ओठांवर येईना. येत होतं आणि दातांशी अडत होतं. आणि मग ते ज्या वाटेनं एकदा आलं होतं त्याच वाटेनं आलं. तिला शोधावं लागलं नाही, ओळी आपोआप जुळत आल्या. सुरुवातीला कुजबुजत, मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ती म्हणाली:

शाळू गेला कडब्याला, दाणा आला घरा
हरिबाचं नाव घेते, आता खाली उतरा

आणि लगेच, लालासाहेब मारायचे तशी, वर तोंड करून, "हरिबा! राखण उठली! उतर!"

तिनं गोफणीची गाठ सोडली. वर्षभर वाळलेली, ती सहजी सुटेना. दातांनी ओढून सोडली. पिशवीतले खडे जमिनीवर ओतले, ते गडगडत अळवाच्या पानांखाली गेले. नारळ दगडावर फोडला. पाणी धुळीत मुरलं.

साळू मान वाकडी करून खाली बघत होती. एक डोळा, मग दुसरा डोळा. गळा फुगला, पण आवाज आला नाही. एकदा खोकली. मग मेढ सोडून शेवग्यावर गेली, आणि शेवग्यावरून पलीकडं.

कुंपणापलीकडं दादासोनं नाक शिंकरलं. "गेली का गं?" विजयमालानं विचारलं.

"गेली," चंद्राबाई म्हणाली.

त्या दिवशी पाखरं आली नाहीत. श्राद्ध झालं, पानं वाढली, माणसं जेवून गेली. कोरेगावला दिलेली लेक संध्याकाळच्या मोटारीनं परत गेली. रात्री चंद्राबाई आढ्याकडं बघत पडून राहिली. आपण त्याला हाकलला तर नाही ना, असं सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक चिमणी मांडवावर उतरली. हाक आली नाही. तिनं एक दाणा काढला, इकडंतिकडं बघितलं, दुसरा काढला. मग दुसरी आली, मग सगळी रांगच खाली आली. उन्हं चढेपर्यंत होले आले, बुलबुल आले, खाली पडलेले दाणे वेचायला खारसुद्धा आली. परड्यात नुसता किलबिलाट. कणसांचा भुसा वाऱ्यावर उडत होता आणि चंद्राबाईच्या पायरीवर, मांडीवर, केसांत येऊन पडत होता. पाखरांच्या वाट्याचं सगळं पाखरं खात होती.

ती बघत बसली. तिचं काम झालं होतं. एवढा कालवा कानात शिरत होता, पण ज्या एका आवाजासाठी ती कान देऊन बसली होती, तेवढाच त्यात नव्हता. कणसं रिकामी झाली की ती नवी बांधायची. परळ धुवून पाणी भरायची. पाण्याच्या कडेला भिजवलेल्या भाकरीचा एक तुकडा ठेवायची. तो सकाळी ठेवलेला तुकडा संध्याकाळी मुंग्या न्यायच्या.

माघात शेवगा फुलला. पांढरी फुलं परळातल्या पाण्यावर पडू लागली. आणि एका दुपारी तुकडा जागेवर नव्हता.

चंद्राबाईनं वर बघितलं. शेवग्याकडच्या मेढीवर साळू बसली होती, चोच मेढीला पुसत होती. खाली चिमण्या दाणे टिपत होत्या. चंद्राबाई हलली नाही. साळूनं मान ताठ केली नाही. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, उन्हाला बसल्यासारखी बसली, आणि हळू आवाजात बोलली. ती हाक नव्हती. रानात, दुपारी, आसपास चिटपाखरू नसताना माणूस आपल्याशीच बोलतो तसा तो आवाज होता.

"चंद्रा," साळू म्हणाली.

मग खोकला.

"चंद्रा."

एकही चिमणी उडाली नाही.

निवडायला घेतलेली परात चंद्राबाईच्या मांडीवरच राहिली. एक शब्द पाखराच्या गळ्यात बसायला तो किती वेळा ऐकावा लागतो, कोण जाणे. माळ्यावरच्या किती दुपारी, कितीदा.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. कुंपणापलीकडं कुणी आहे का बघितलं. कुणी नव्हतं.

"ओ," ती म्हणाली.